लॅपटॉपवर चहा सांडलाय, तांदळात ठेवलाय, किती तासांनी चालू करू?

तुम्ही लिहिलंय की काल रात्री दूध-साखरेचा चहा कीबोर्डवर सांडला, लगेच पुसून लॅपटॉप बंद केला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला, आता कोणी २४ तास सांगतंय कोणी ७२, आत कॉलेजचा प्रोजेक्ट आहे आणि बॅकअप नाही.

मी लॅपटॉपच्या बोर्ड रिपेअरचं काम करतो, बोर्ड म्हणजे आतला मदरबोर्ड, ज्यावर सगळ्या चिप बसवलेल्या असतात, चहावाले लॅपटॉप टेबलावर कायम येत असतात, म्हणून आधी एकच सांगतो, चालू करू नका. २४ तासांनी पण नको आणि ७२ तासांनी पण नको. आतून साफ होईपर्यंत पॉवर बटणाला हात लावायचा नाही आणि चार्जर तर अजिबात लावायचा नाही, नुसती लाईट लागते का बघतो म्हणून पण नाही. सांडल्या सांडल्या बंद केलात हे फार चांगलं केलंत, त्यामुळे अजून बराच चान्स आहे, तो घाईत घालवू नका एवढंच कळकळीने सांगणं आहे.

लोकांना वाटतं ओल वाळली की विषय संपला. साध्या पाण्याचं एकवेळ तसं होईल पण चहातलं पाणी उडून जातं आणि साखर, दूध सगळं बोर्डवरच राहतं, त्याचा चिकट थर बसतो आणि तो हवेतली ओल धरून ठेवतो, मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर विचारूच नका. त्यात बॅटरी जोडलेली. लॅपटॉप शटडाऊन असला तरी बऱ्याच मॉडेलमध्ये बोर्डवरच्या काही लाईन्सना ३.३ किंवा ५ व्होल्ट मिळतच असतात, पॉवर बटण दाबल्याचं मशीनला कळायला तेवढं लागतं. ओल आणि करंट एकत्र आले की तांबं खायला सुरुवात होते. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर चिपच्या पायांभोवती हिरवट पांढरा थर चढलेला दिसतो, थोडा खरवडला की खालचा पॅडच, म्हणजे चिपचा पाय जिथे सोल्डर केलेला असतो तो तांब्याचा ठिपका, निघून हातात येतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे डिस्प्लेचा कनेक्टर, तिथे बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्यांचा, जास्त व्होल्टेजचा पिन असतो आणि त्याच रांगेत प्रोसेसरकडून येणाऱ्या सिग्नलचे नाजूक पिन असतात, मध्ये चहाचा एक थेंब अडकलेला असताना मशीन ऑन केलं की तो व्होल्टेज नको तिथे पोचतो आणि मग पाचशे-हजारात होणारं काम मदरबोर्डवर जातं. म्हणूनच काही जणांचा लॅपटॉप दुसऱ्या दिवशी मस्त चालू होतो आणि महिन्याभराने अचानक चार्जिंग बंद, टचपॅड बंद, अर्धा कीबोर्ड बंद, आणि तोपर्यंत चहाचं सगळे विसरून गेलेले असतात.

तांदळातून आधी बाहेर काढा बरं. बंद बॉडीच्या आतली ओल तांदूळ ओढू शकत नाही, उलट त्याची पूड आणि कणी यूएसबीच्या पोर्टमध्ये, फॅनमध्ये जाते. हेअर ड्रायर पण नको, त्याने चहा आणखी आत ढकलला जातो आणि कीज वाकतात, आणि उन्हात तर ठेवूच नका, आत लिथियमची बॅटरी आहे.

आता आज काय करायचं. लॅपटॉप उलटा करून मागच्या कव्हरचे स्क्रू काढा, ते वेगवेगळ्या लांबीचे असतात म्हणून एका कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागीच ठेवा, लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर नवीनच काम निघतं. कव्हर क्लिपांवर बसलेलं असतं, जुनं एटीएम कार्ड कडेने फिरवलं की सुटतं. मग बॅटरीचा कनेक्टर काढा, वायर धरून ओढू नका, कनेक्टरच्या कडेला प्लास्टिकचं काहीतरी लावून हळूहळू सरकवा. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तिथेच थांबा आणि दुकानात न्या. एवढं एक काम झालं तरी अर्धी लढाई जिंकलात, कारण करंट गेला की खराबी एकदम मंदावते.

कव्हर उघडलंच आहे तर प्रोजेक्ट पण सोडवून घ्या. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये च्युइंगमच्या पट्टीएवढी एसएसडी, म्हणजे तुमच्या सगळ्या फाइल्स ज्यात असतात ती ड्राइव्ह, एका स्क्रूवर बसवलेली असते, ती काढून बाहेरच्या यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते, फक्त केस घेताना तुमची एसएसडी एनव्हीएमई (NVMe) आहे की साटा (SATA), या दोन प्रकारांपैकी कुठली, ते स्टिकरवर बघा, आणि पिनांवर डाग असेल तर आधी पुसा. लावल्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डेटाला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी की मागितली तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, मोबाईलवरून लॉगिन करून मिळते. मॅकबुक असेल तर हा मार्ग नाही, नव्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेलं आणि एन्क्रिप्टेड असतं, डेटा हवा तर बोर्डच जिवंत करावा लागतो, म्हणून तो स्वतः न उघडता लगेच दाखवा.

सफाई शक्यतो चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डवरच्या एकेका चिपचं, काम करणाऱ्याकडूनच करून घ्या. त्यासाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, आम्ही आयपीए म्हणतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सोल्डरिंगचं सामान मिळतं तिथे मिळेल नाहीतर ऑनलाइन. पण साखर आयपीएमध्ये नीट विरघळत नाही, त्यामुळे बोर्ड बाहेर काढून, सगळं सुटं करून आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, मग आयपीए, मग पूर्ण वाळवणं, असा क्रम लागतो. हँड सॅनिटायझर त्याजागी वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

वॉरंटी चालू असेल तर वरचं काहीही उघडायच्या आधी बिल बघा. साध्या वॉरंटीत सांडलेलं बसत नाही, पण ॲक्सिडेंटल डॅमेजचा प्लॅन वेगळा घेतला असेल तर बसू शकतं. काय सांडलं ते लपवू नका, बऱ्याच मशीनमध्ये पाणी लागलं की लाल होणारे छोटे स्टिकर असतात.

दुकानात गेल्यावर विचारा की बोर्ड बाहेर काढून दोन्ही बाजूंनी धुणार का, की नुसता ब्लोअर मारणार. ब्लोअरवालं दुकान असेल तर दुसरं शोधा. आणि पहिल्यांदा चालू करताना जुना कीबोर्ड जोडू नका म्हणावं, त्याच्या प्लास्टिकच्या थरांमध्ये चहा राहतोच, कीज आपोआप दाबल्या जातात आणि बोर्ड चांगला असून बिघडल्यासारखा वाटतो. कीबोर्ड बहुतेक नवीन टाकावा लागेल, तेवढा खर्च धरून चला. मॉडेल नंबर टाका खाली, बॅटरीचा कनेक्टर नक्की कुठे असतो ते सांगतो.