गाडीचं अ‍ॅक्सिलरेटर पेडल जड झालंय? आधी केबल सोडवून बघा

लगेच नवी केबल आणू नका. इंजिन बंद ठेवून केबलचं टोक थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) चाकावरून काढा आणि चाक हाताने फिरवा. तेच अडकत असेल तर दोष थ्रॉटल बॉडीतल्या काजळीचा. क्लीनरने पुसून काढा. केबल अडकत असेल तर मात्र बदलाच. तारेचा एक पदर तुटला तरी तो आवरणात रुततो आणि पाय काढल्यावरही थ्रॉटल उघडाच राहतो. हे जिवावर बेतू शकतं, तेल सोडून दिवस ढकलू नका.

नवी केबल जुन्याच वाटेने न्या, तीव्र वळण नको, एक्झॉस्टपासून लांब. दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवा. मग एकाने पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने थ्रॉटल पूर्ण उघडतो का ते बघायचं. सोडताच तो खटकन मिटायला हवा. पेडलखालची मॅटही तपासा.