छापील गाथेतील सनाची चूक दुरुस्त करावी का?

प्रश्न : आमचे भजनी मंडळ तुकोबांच्या निवडक अभंगांचे एक जुने पुस्तक पुन्हा छापत आहे. प्रस्तावनेत दिवंगत संपादकांनी तुकोबांचे वैकुंठगमन ‘फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१ (इ. स. १६४९)’ असे दिले आहे, अन्यत्र मात्र १६५० हे साल आढळते. ज्येष्ठ म्हणतात, छापलेल्याला हात लावू नये. तरुणांना साल गुपचूप बदलावेसे वाटते. योग्य काय?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, हे सूत्र सरसकट लावल्यामुळे १६४९ हे साल आले असावे. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होऊन फाल्गुनात संपते आणि मधेच, बहुधा पौषात, इसवी सन बदलतो; म्हणून माघ-फाल्गुनातील तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. ज्ञानदेवांची समाधी शके १२१८च्या कार्तिकातली, त्यामुळे तिथे १२९६ हे साल सरळ निघते. तुकाराम बीज मात्र फाल्गुनात येत असल्याने शके १५७१ची बीज मार्च १६५० मध्ये पडते. फाल्गुनातच येणाऱ्या एकनाथ षष्ठीसमोर शके १५२१ आणि कंसात १५९९ असे सर्रास छापलेले असते, त्यातही हाच घोळ आहे.

तरीही साल तडकाफडकी बदलू नये. शक आणि सन यांचा मेळ बसत नाही एवढेच गणित सांगते. त्यांपैकी चुकले कोणते, हे ते सांगत नाही. एखादा अभ्यासक शके १५७० मानत असेल, तर १६४९ हे त्याच्या हिशेबाने बरोबरच ठरते. अशा वेळी पोथीत संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातील त्या वर्षाचे, नाव आहे का ते पाहावे. शकात १२ मिळवून ६०ने भागल्यावर उरणारी बाकी हा संवत्सराचा अनुक्रमांक असतो. त्यानुसार शके १५७१ला तेविसावे विरोधी संवत्सर येते, तर शके १५७०ला सर्वधारी. तुकोबांच्या जन्मशकाविषयी तर १४९०पासून १५३०पर्यंत मते आहेत. तिथे कोणतेही एक साल ‘दुरुस्ती’ म्हणून घालणे म्हणजे आपले मत दुसऱ्याच्या नावावर खपवणे होय.

तुमच्या ज्येष्ठांचा आग्रह अभंगांच्या संहितेपुरता मला पूर्ण मान्य आहे. मात्र प्रस्तावना ही संतवाणी नव्हे. तिच्यातील चूक तशीच पुढे छापण्यात त्या संपादकांचा कसलाही मान राखला जात नाही. अभंगात शब्द खटकला, तरी तो जागच्या जागी ठेवून तळटीप द्यावी. १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून निघू लागलेल्या गाथेच्या संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या पोथ्या मिळवून पाठभेद, म्हणजे प्रतीप्रतींतील शब्दांचे फरक, तळाशी नोंदवले, म्हणूनच आजही त्यांच्या निवडीशी वाद घालता येतो. त्याहून जुने उदाहरण पैठणचे आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा ती केव्हा आणि का शुद्ध केली हे ग्रंथाच्या शेवटीच लिहून ठेवले, आणि तिच्यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवतो, असेही बजावले. त्यांच्यासारख्या अधिकारी पुरुषालाही आपली दुरुस्ती उघडपणे सांगावीशी वाटली, हे तुमच्या तरुण मंडळींनी ध्यानात घ्यावे.

तेव्हा प्रस्तावनेतला १६४९ तसाच राहू द्या. त्याच्यापुढे चौकटी कंसात १६५० घाला आणि तळटीपेत फाल्गुनाचे कारण दोन ओळींत, मंडळाच्या नावानिशी, द्या. केवळ ही टीप असेल तर ‘पुनर्मुद्रण’ म्हणता येईल. पाठ किंवा क्रम बदलणार असाल, तर मुखपृष्ठाच्या आत ‘सुधारित आवृत्ती’ हे शब्द आणि वर्ष आलेच पाहिजे. जुन्या प्रती शिल्लक असतील, तर त्यांत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवायला फारसा खर्च येत नाही.