ग्राफीनचा फोटोडिटेक्टर (प्रकाश मोजणारा सेन्सर) सकाळी एक रीडिंग देतो, संध्याकाळी दुसरं. हवेचा इतका परिणाम होतो का? वरून कोटिंग कोणतं द्यावं?

होतो. मुंबईत तर होतोच होतो. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर, त्यातला प्रत्येक अणू हवेला उघडा. ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ त्याला चिकटतात आणि इलेक्ट्रॉन ओढून घेतात, म्हणून उघड्यावरचा सॅम्पल पी-टाइप होतो, म्हणजे त्यातली वीज मुख्यतः 'होल' (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) वाहून नेतात, आणि डिरॅक पॉइंट (ज्या गेट व्होल्टेजला करंट सर्वांत कमी असतो तो बिंदू) धन गेट व्होल्टेजकडे सरकतो. तुमच्या लॅबचा एसी रात्री बंद होत असेल, तर सकाळच्या रीडिंगचं कारण आधी तिथे शोधा.

हे इतक्या ठामपणे सांगतोय, कारण याच मुद्द्यावर मी पीएचडीत असताना लॅबमध्ये भांडलोय. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. सिलिकॉन ऑक्साइडवरच्या ग्राफीनवर आम्ही अल्ट्राव्हायोलेट एलईडी टाकत होतो. प्रकाश पडला की करंट हळूहळू उतरायचा, बंद केला की तितक्याच संथपणे, कितीतरी मिनिटं घेत वर यायचा. बदल भरपूर मोठा. आमचे सीनिअर खूश: "बघ, काय रिस्पॉन्स आहे!" मी म्हटलं, दादा, ग्राफीनमधले कॅरिअर (वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन आणि होल) प्रकाश पडल्यावर पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या लाखकोटीव्या भागांत, शांत होतात. एक थर दृश्य प्रकाशाचा जेमतेम 2.3 टक्के शोषतो. मग मिनिटांचा सिग्नल आला कुठून? अल्ट्राव्हायोलेटने चिकटलेला ऑक्सिजन सुटतोय, होल कमी होताहेत, म्हणून करंट उतरतोय. अंधारात ऑक्सिजन परत बसतो, करंट परत चढतो. आपण प्रकाश नाही, हवा मोजतोय.

ते ऐकेनात. शेवटी मी सॅम्पल व्हॅक्यूम प्रोब स्टेशनमध्ये (हवा काढून मोजमाप करायच्या पेटीत) घातला. एलईडी लावल्यावर करंट उतरला, आणि बंद केल्यावर तिथेच बसून राहिला. कोरडा नायट्रोजन सोडला, तरी हलला नाही. कोरडी हवा सोडली आणि तो चढायला लागला. यापेक्षा स्वच्छ पुरावा काय हवा? तरी पोस्टरवर तोच आलेख 'फोटोरिस्पॉन्स' म्हणून छापला गेला, हवेचा एका शब्दानेही उल्लेख नाही. ते मला आजही पटत नाही.

2007 मध्ये मँचेस्टरच्या गटाने ग्राफीनवर वायूचा एकेक रेणू बसल्याची नोंद घेता येते हे दाखवलं होतं. इतक्या संवेदनशील पदार्थाचं मोजमाप छापताना आर्द्रता आणि दाब लिहायचा नाही, याला मी निष्काळजीपणाच म्हणतो. तुम्ही तरी प्रत्येक आलेखाखाली लिहा. गाईड नको म्हणाले तरी लिहा.

कोटिंगचं म्हणाल तर ॲटॉमिक लेयर डिपॉझिशनने (अणूंचा एकेक थर चढवायच्या पद्धतीने) दिलेला ॲल्युमिनियम ऑक्साइड चांगला, बोरॉन नायट्राइड त्याहून चांगलं. नुसतं पीएमएमए (एक प्लास्टिक) पावसाळ्यात पुरत नाही, त्यातून ओल शिरते. आणि झाकण्याआधी व्हॅक्यूममध्ये तापवा, नाहीतर ग्राफीनखालच्या सिलिकॉन ऑक्साइडवरचं पाणी आतच अडकेल. गेट स्वीप (गेट व्होल्टेज बदलत घेतलेला करंटचा आलेख) जाताना एक आणि येताना दुसरा दिसत असेल, तर त्यातही बहुतेक वेळा या पाण्याचा हात असतो.

एक मात्र आहे. प्रत्येक संथ सिग्नल ऑक्सिजनचाच असतो असं नाही. ऑक्साइडमधले ट्रॅपसुद्धा (इलेक्ट्रॉन अडकून राहतात त्या जागा) तसंच वागतात, आणि ग्राफीनवर क्वांटम डॉट (अर्धवाहकाचे नॅनो आकाराचे कण) बसवले असतील तर संथपणाची कारणं वेगळी असतात. म्हणून आधी चॉपर (प्रकाश ठरावीक वारंवारतेने चालू-बंद करणारी फिरती चकती) लावून लॉक-इनवर (फक्त त्याच वारंवारतेचा सिग्नल वेचणाऱ्या यंत्रावर) मोजा. वारंवारता वाढवताच सिग्नल गायब झाला, तर तुमच्या सीनिअरना तो आलेख दाखवा आणि व्हॅक्यूमची वेळ मागून घ्या.