बारावीच्या गणिताच्या पेपरनंतर मैत्रिणींशी उत्तरं जुळवली, पाच जुळली नाहीत. झोप उडालीय. काय करू?

तू लिहिलंयस की पेपर सुटल्यावर गेटबाहेर चौघींनी उत्तरं जुळवली. तिघींचं एक आणि तुझं भलतंच, अशी पाच गणितं निघाली. रात्री जेवण गेलं नाही, आणि परवा बायोलॉजी आहे. मी ज्युनिअर कॉलेजला १९ वर्षं गणित शिकवतोय, बोर्डाचे पेपरही तपासलेत. तू गणितं सविस्तर दिलीस हे फार बरं केलंस. आधी तीच बघू, बाकीचं मग.

पहिलं इंटिग्रेशनचं. साइन टू-एक्सचं इंटिग्रल. मैत्रिणींचं उत्तर 'उणे अर्धा कॉस टू-एक्स अधिक सी', तुझं 'साइन स्क्वेअर एक्स अधिक सी'. अगं, दोन्ही बरोबर आहेत! एक्सच्या जागी ० घाल. त्यांचं येतं उणे अर्धा, तुझं शून्य. आता ९० अंश घाल. त्यांचं येतं अधिक अर्धा, तुझं १. दोघींचीही वाढ बरोबर १. म्हणजे तुमच्या उत्तरांत सगळीकडे फरक आहे तो फक्त अर्ध्याचा, आणि तो अर्धा त्या 'सी'च्या, म्हणजे कुठल्याही स्थिर संख्येच्या, पोटात जातो. टू-एक्सचं सूत्र थेट लावलं की त्यांचं उत्तर मिळतं, आधी साइन टू-एक्स फोडून साइन एक्सला टी मानलं की तुझं. कोणी कॉसला टी मानलं असतं तर तिसरंच दिसलं असतं, उणे कॉस स्क्वेअर एक्स, आणि तेही बरोबर. मुलं एवढा 'सी' लिहितात, पण तो कशासाठी आहे हे खऱ्या अर्थानं कळतं ते असं उत्तर जुळलं नाही की. वर्गात मी हे गणित दरवर्षी तिन्ही रीतींनी फळ्यावर सोडवतो.

दुसरं टॅन थीटा बरोबर उणे १ चं. त्यांनी 'एन पाय अधिक तीन पाय बाय चार' लिहिलं, तू 'एन पाय उणे पाय बाय चार'. दोन्हींत बरोबर एका पायचं अंतर आहे. एन म्हणजे कुठलाही पूर्णांक, तेव्हा त्यांच्या एनमधून एक कमी कर, तुझं उत्तर मिळेल. कोनांचा संच तोच.

तिसरं दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं. बिंदू (१, २, ३) आणि (३, ५, ७). त्यांनी समीकरणात पहिला बिंदू घेतला, तू दुसरा. दिशा दोघींचीही २, ३, ४. रेषा एकच, तिच्यावरचा कुठलाही बिंदू धरला तरी चालतं.

चौथं मात्र तुझं चुकलंय, ते लपवण्यात अर्थ नाही. वाय स्क्वेअर बरोबर फोर-एक्स हा पॅराबोला आणि एक्स बरोबर १ ही रेषा, यांच्यामधलं क्षेत्रफळ ८/३ येतं. तुझं ४/३ आलं, कारण तू एक्स-अक्षाच्या वरचाच भाग मोजलास, खालचा तेवढाच भाग राहिला. पण तू लिहिलंयस की कच्ची आकृती काढली होती, लिमिट ० ते १ घेतल्या होत्या आणि इंटिग्रेशन पुरं केलं होतं. तीन मार्कांचा प्रश्न आहे. पेपर तपासताना मार्क पायरीला दिले जातात, नुसत्या शेवटच्या ओळीला नाही. इथे सगळे जाणार नाहीत. वेगळ्या पण योग्य रीतीनं सोडवलं तरी मार्क मिळतात, त्यामुळे आधीच्या तीन गणितांची काळजी तर सोडूनच दे.

पाचवा प्रश्न एमसीक्यू आहे, म्हणजे दिलेल्या पर्यायांतून एक निवडायचा. तिथे पायरी नसते, पर्याय चुकला तर दोन मार्क गेले. आधी एक पर्याय लिहून नंतर दुसरा लिहिला असशील तरी पहिलाच धरतात. म्हणजे ८० पैकी धोका आहे तो याच्या दोन मार्कांचा आणि क्षेत्रफळातल्या थोड्याचा. निकालानंतर मार्क फारच कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि ती मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो. ती वाट मोकळी आहे, आज तिचा विचार नको.

आता उत्तरं जुळवणं चूक होतं का, याबद्दल. १९९८ साली मी बारावीला होतो. आमचं सेंटर बार्शीला होतं. पेपर सुटल्यावर रसवंतीपाशी आम्ही चौघं उभे होतो. साइन एक्सची ॲब्सोल्यूट व्हॅल्यू, उणे ९० ते अधिक ९० अंश, असं इंटिग्रल होतं. तिघं एका सुरात म्हणाले, "उत्तर शून्य. साइन ऑड फंक्शन आहे, एका ओळीचं गणित!" ऑड म्हणजे शून्याच्या एका बाजूला वक्र जितका वर, दुसऱ्या बाजूला तितकाच खाली, म्हणून बेरीज शून्य. माझं उत्तर २ होतं. त्यांतला एक वर्गात पहिला यायचा. मी काहीच बोललो नाही. सायकलवरून घरी येईपर्यंत माझं सगळंच चुकलं असं वाटायला लागलं होतं. दोन दिवसांनी केमिस्ट्रीचा पेपर होता. पुस्तक उघडं ठेवून मी ते दोन दिवस घालवले आणि केमिस्ट्रीत व्हायचं तेच झालं. मे महिन्यात वही काढून बघितलं तर उत्तर २ च होतं. ॲब्सोल्यूट व्हॅल्यू घेतल्यावर साइन ऑड राहतच नाही, वक्र दोन्हीकडे अक्षाच्या वरच असतो. तिघांनी एकच चूक केली होती, आणि तीन आवाजांपुढे मी माझी आकृती विसरलो.

ते केमिस्ट्रीचे मार्क आजही मला टोचतात, म्हणून इतकं लिहितोय. गेटवर उत्तरं जुळवताना हातात कागद नसतो, असते ती आठवण, आणि बऱ्याचदा आठवतं ते कच्च्या कामातलं, पेपरात लिहिलेलं नाही. जिचा आवाज मोठा तिचं उत्तर बरोबर ठरतं. माझे काही विद्यार्थी जेईई ॲडव्हान्स्ड, म्हणजे आयआयटीची प्रवेश परीक्षा, देतात. तिथे एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर असतात, सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २:३० ते ५:३०. मधल्या अडीच तासांत पहिल्या पेपरची उत्तरं जुळवून दुसऱ्याला हात थरथरत बसलेली चांगली पोरं मी पाहिली आहेत. त्या मधल्या वेळात आईबाबांनी आणलेला डबा खा, झाडाखाली आडवे व्हा, पेपर तोंडातून काढू नका, एवढं मी त्यांना हात जोडून सांगतो.

पण सगळे पेपर संपल्यावर जरूर जुळवा. प्रश्नपत्रिका तुमच्याकडेच असते. चौघी वही घेऊन बसा. उत्तर विचारू नका, "तू टी कशाला मानलंस?" असं विचारा. इंटिग्रेशनची दोन उत्तरं वेगळी आली तर ० घालून बघा, ९० अंश घालून बघा, फरक कायम राहतो का ते पाहा. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न असतात आणि प्रत्येकाला दोन मार्क. पर्यायांत तुझ्या उत्तरासारखं काहीच दिसलं नाही की घाबरण्याऐवजी रूप बदलून बघायची सवय तिथे फार कामाला येते. क्षेत्रफळाचं ते गणितही तेव्हा एकदा आकृती काढून पुन्हा सोडव.

आत्ता पेपर कपाटात ठेव, दोन घास जेव आणि बायोलॉजीला बस. परवा पेपर झाला की तो पाचवा एमसीक्यू चारही पर्यायांसह इथे लिही, मी बघतो.