लेक रॅप करतो, पण पत्ता दुसऱ्याचा सांगतो

न्यू जर्सीच्या एका ताईंचं पत्र आहे, थोडं कापून देतेय:

"मुलगा १५ वर्षांचा, दिवसभर हिप-हॉप. शाळेच्या टॅलेंट शोसाठी स्वतः रॅप लिहिलंय, ओळी सोबत पाठवतेय. म्हणताना त्याचा अ‍ॅक्सेंटच बदलतो. टीममधल्या ब्लॅक मित्राने सगळ्यांदेखत विचारलं, नक्कल कोणाची करतोयस? तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मुलगा म्हणतो म्युझिक सगळ्यांचं असतं, तोच रेसिस्ट आहे. हे म्हणतात बरं झालं, ही काळ्यांची थेरं आपल्यात नकोतच. सासूबाई म्हणतात तबल्याला घाला. काय करू?"

ताई, तबल्याला जरूर घाला, पण ह्यावरचा उपाय म्हणून नको, आणि रॅप तर अजिबात बंद करू नका. मित्राने काय विचारलं ते परत वाचा ना, तू रॅप का करतोस असं कुठे म्हणाला तो? मला तरी प्रश्न रास्त वाटला.

ओळी वाचल्या मी. यमकं झकास आहेत, पोराला ताल आहे. पण त्यात गल्लीचा कॉर्नर आहे, गँग आहे, पोलिसांनी गाडी अडवून बाहेर खेचलंय. अहो, तुमच्या घरापुढे बास्केटबॉलचं हूप आणि दोन गाड्या, त्याला अजून लायसन्सही नाही! आणि हेच त्या मित्राच्या घरी गंमत म्हणून बोललं जात नाही, तिथे आईबाप पोराला बसवून शिकवतात की पोलिसाने थांबवलं तर हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेव, खिशाकडे नेऊ नकोस. ती भीती तुमचा लेक कपड्यासारखी घालतो आणि शो संपला की काढून ठेवतो, मित्राला ते काढता येत नाही. राग येणारच.

म्युझिक सगळ्यांचं, हे अर्धंच खरं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून हायवे काढताना वस्त्या उठवल्या, पुढे घरमालकांनी इन्शुरन्सच्या पैशासाठी बिल्डिंगा जाळल्या, त्या काळातलं हे संगीत. ११ ऑगस्ट १९७३ ला कूल हर्क नावाच्या १८ वर्षांच्या जमैकन पोराने बिल्डिंगच्या हॉलमध्ये पार्टी केली, बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते म्हणून, तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाण्यातला नुसता ड्रमचा तुकडा आला की लोक बेफाम नाचतात हे त्याच्या लक्षात आलेलं, मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या दोन टर्नटेबलवर लावून तेवढाच तुकडा आलटूनपालटून लांबवायचा. पोर्टो रिकन मुलंही ह्यात सुरुवातीपासून होती, नाचात आणि डीजेगिरीतसुद्धा, म्हणजे दार कधी बंद नव्हतं, पण घर कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

खोटा पत्ता मात्र इथे खपत नाही. व्हॅनिला आइस हा गोरा रॅपर १९९० मध्ये बिलबोर्डच्या हिट गाण्यांच्या यादीत एक नंबरला गेला, रॅपमधला पहिलाच, आणि त्याच्या नावाने छापलेली मायामीच्या रफ वस्तीची कहाणी पेपरवाल्यांनी उकरली तर पोरगा डॅलसच्या सबर्बमधल्या शाळेतला निघाला, हसं झालं ते झालंच. एमिनेमही गोराच, पण तो स्वतःच्या डेट्रॉइटच्या गरिबीवर बोलला, शिवाय काळ्यांच्या संगीतावर आपण श्रीमंत झालो हे स्वतःच्या गाण्यातच सांगून मोकळा झाला.

आता तुमच्या मिस्टरांकडे वळते. त्यांना २००२ चं एक अमेरिकन हिट गाणं ऐकवा, ट्रुथ हर्ट्स ह्या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह'. त्यात 'ज्योती' सिनेमातला लताबाईंचा आवाज सरळ उचललाय, संगीतकार बप्पी लाहिरींचं नावही नाही, प्रकरण कोर्टात गेलं आणि नाव दिल्याशिवाय सीडी विकायची नाही असा हुकूम निघाला. आपलं न विचारता घेतलं की आपल्याला कसं झोंबतं बघा. आणि 'काळ्यांची थेरं' हे शब्द घरात बंद करा, सासूबाईंसमोरसुद्धा, कारण पोरगं त्यांचं म्युझिक घेतंय आणि बाप त्यांनाच नावं ठेवतोय ही विसंगती त्या मित्राला घरी आल्यावर कळणारच. तुमच्या-माझ्यासारख्यांना अमेरिकेत यायला ज्याने वाट मिळाली तो १९६५ चा इमिग्रेशनचा कायदासुद्धा सिव्हिल राइट्सच्या लढ्याच्या दिवसांतलाच आहे, फुकट नाही आलो आपण.

लेकाला मुंबईच्या 'स्वदेसी' ह्या रॅप ग्रुपचं ऐकवा. आरेचं जंगल वाचवायच्या लढ्यात त्यांनी तिथल्या आदिवासींपैकी प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'वारली रिव्होल्ट' केलं, मराठीत, स्वतःच्या शहराच्या जंगलावर, कोणाची हुबेहूब नक्कल नाही. तुमच्या घरात काय विषय कमी आहेत? ग्रीन कार्डच्या रांगेत बसलेला बाप, शाळेत नावाची रोज होणारी चिरफाड, आजी फोनवर ओरडून बोलते ते. लिहू दे, स्वतःच्या आवाजात. इंग्लिश-मराठी खिचडी झाली तरी चालेल.

एन वर्ड, म्हणजे काळ्यांना हिणवायची ती जुनी शिवी, गाण्यात असला तरी आपल्या तोंडात नाही, गाडीत एकटा असतानाही नाही, ह्यावर चर्चा नको.

मित्राला मेसेज टाकू नये, समोर जाऊन बोलावं, आणि "तुला वाईट वाटलं असेल तर" वगैरे न लावता सरळ सॉरी म्हणावं. पण त्याच्याकडून हिप-हॉपचं सर्टिफिकेट मागत बसू नये, ते देणं त्याचं काम नाही. तो लगेच बोलेलच असंही नाही, थोडं थांबू द्या. तोवर नव्या ओळी झाल्या की मलाही पाठवा, ह्यावेळी मराठी असल्या तर वेलांट्या तपासून देईन.