‘मला काहीच माहीत नाही’ बरोबर, मग ‘आय डोन्ट नो नथिंग’ चूक का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मराठीत ‘काहीच’ आणि ‘नाही’ एकत्र चालतात, मग इंग्रजीत ‘डोन्ट’ आणि ‘नथिंग’ एकत्र का चालत नाहीत? आणि नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ म्हणायचं की ‘नो’? पहिल्याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण नकाराच्या बऱ्याच चुकांचं मूळ तिथेच आहे.

मराठी वाक्यात दोन नकार आहेत असं वाटतं, पण खरं तर एकच आहे. ‘काहीच’ या शब्दात नकार नाही. ‘काही’ला ‘च’ लावून फक्त जोर दिलाय. नकार आहे तो शेवटच्या ‘नाही’त. ‘नथिंग’मध्ये मात्र ‘काही’ आणि ‘नाही’ दोन्ही आहेत. पडताळून पाहा: ‘काय खाल्लंस?’ याला इंग्रजीत ‘नथिंग’ एवढं उत्तर पुरतं. मराठीत नुसतं ‘काहीच’ म्हणून भागत नाही, ‘काहीच नाही’ म्हणावं लागतं. ‘काहीच म्हणजे नथिंग’, ‘कधीच म्हणजे नेव्हर’ असे अर्थ पाठ केले की ‘नाही’साठी आपण वर आणखी एक ‘डोन्ट’ जोडतो आणि नकार दोनदा होतो.

म्हणून वाक्य करताना मराठीच्या शेवटचा ‘नाही’ आधी उचला आणि तो इंग्रजी वाक्यात एकदाच, जितका आधी बसेल तितका आधी बसवा. त्यानंतर येणारे ‘काही’, ‘कोणी’, ‘कधी’, ‘कुठे’ हे सगळे ‘एनी’च्या घरातले होतात: ‘आय डिडन्ट टेल एनीबडी एनीथिंग’. ‘कधी’साठी ‘एव्हर’.

‘आधी’ यावर भर देतोय, कारण कर्ताच ‘कोणी’ असेल तर पेच पडतो. ‘कोणीच आलं नाही’चं ‘एनीबडी डिडन्ट कम’ होत नाही. ‘एनी’च्या आधी नकार येऊन गेलेला असावा लागतो, आणि इथे तर ‘एनीबडी’ वाक्याच्या तोंडाशीच आहे. अशा वेळी नकार कर्त्यातच घालायचा: ‘नोबडी केम’. आता क्रियापद होकारार्थी राहतं. ‘नोबडी डिडन्ट कम’ म्हटलंत तर व्याकरणाने अर्थ होतो ‘न आलेलं कोणीच नाही’, म्हणजे सगळे आले. पुढे आणखी ‘काही’ असेल तर पुन्हा ‘एनी’च: ‘नोबडी सेड एनीथिंग’.

दोन नकारांचा होकार होतो हा नियम ऐकताना मात्र एक लक्षात ठेवा. इंग्रजीच्या अनेक बोलींत ‘आय डोन्ट नो नथिंग’ रोज बोललं जातं, आणि त्याचा अर्थ ‘मला काही माहीत नाही’ असाच असतो. 14 व्या शतकातल्या इंग्रजीतही असे नकार सर्रास सापडतात. ती माणसं चुकीचं बोलतात असं समजू नका. परीक्षा, अर्ज, कामाचा पत्रव्यवहार यांत लागते ती प्रमाण इंग्रजी, आणि तिथे हे चालत नाही, एवढंच.

याहून जास्त फसवतात ते लपलेले नकार. ‘हार्डली’, ‘बेअरली’ (जेमतेम), ‘सेल्डम’ (क्वचित) हे दिसत नसले तरी नकारच आहेत. ‘आय कान्ट हार्डली हिअर यू’ नको, ‘आय कॅन हार्डली हिअर यू’ हवं. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो खूप काम करतो, आणि ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे जेमतेम करतो. शिफारसपत्रात ही अदलाबदल झाली तर फार महागात पडेल.

‘अंटिल’ आणि ‘अनलेस’ इथे मराठी माणूस हमखास अडखळतो. ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ मनात असलं की ‘वेट अंटिल ही डझन्ट कम’ तोंडातून जातं. उपाय सोपा आहे, मराठी वाक्यच बदला. ‘तो येईपर्यंत थांब’ असा विचार केला की ‘वेट अंटिल ही कम्स’ आपोआप येतं. तसंच ‘अनलेस’साठी ‘शिवाय’ वापरा: ‘अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस’, ‘अनलेस यू स्टडी, यू वोन्ट पास’. ‘अनलेस यू डोन्ट स्टडी’ म्हटलं तर अर्थ पार उलटतो. मुख्य वाक्यातला ‘वोन्ट’ मात्र काढू नका, तो खरा नकार आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘डिडन्ट ही कॉल?’ असं कोणी विचारलं आणि त्याने फोन केला नसेल, तर मराठीत आपण ‘हो, नाही केला’ असं विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीत प्रश्न कसा विचारला हे विसरायचं आणि फक्त घडलं काय ते पाहायचं. केला असेल तर ‘येस, ही डिड’, नसेल तर ‘नो, ही डिडन्ट’. ‘येस, ही डिडन्ट’ ही जोडी जमत नाही. नुसतं ‘येस’ म्हणून थांबू नका, शेपूट जोडा, म्हणजे गैरसमजाला जागा राहत नाही. ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ याला परवानगी द्यायची तर ‘नो, गो अहेड’, कारण प्रश्न ‘तुमची हरकत आहे का’ असा आहे.

‘मस्ट’च्या नकारातही गोंधळ होतो. ‘यू मस्ट नॉट पे’ ही मनाई, म्हणजे पैसे द्यायचेच नाहीत. ‘पैसे द्यायची गरज नाही’ म्हणायचं तर ‘यू डोन्ट हॅव टू पे’.

शेवटी लिहिताना सांभाळायच्या दोन जागा. ‘ऑल द विंडोज आर नॉट ओपन’ याचे दोन अर्थ निघतात. फक्त काही उघड्या असतील तर ‘नॉट ऑल द विंडोज आर ओपन’, एकही नसेल तर ‘नन ऑफ द विंडोज आर ओपन’. आणि ‘आय डिडन्ट लीव्ह बिकॉज आय वॉज अँग्री’ यात तुम्ही रागामुळे थांबलात, की गेलात पण कारण राग नव्हतं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. पहिला अर्थ हवा असेल तर ‘बिकॉज’चा भाग वाक्याच्या सुरुवातीला न्या. दुसरा हवा असेल तर सरळ दोन वाक्यं करा: ‘आय लेफ्ट, बट नॉट बिकॉज आय वॉज अँग्री. आय वॉज टायर्ड.’