स्पर्धा परीक्षेत गेलेली विशीतली वर्षे वाया गेली, असे आता मागे वळून पाहताना वाटते का?

तुम्ही सत्तावीस वर्षांचे आहात, राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेपर्यंत दोनदा जाऊन आला आहात आणि आणखी एक प्रयत्न द्यावा की नोकरी धरावी, असे विचारले आहे. मी २०१० मध्ये बाविसाव्या वर्षी औसा तालुक्यातून पुण्याला गेलो आणि एकोणतिसाव्या वर्षी पद न मिळवता परत आलो. ती वर्षे वाया गेली असे मला वाटत नाही. मात्र 'तुझा अभ्यासच कमी पडला' हे वाक्य मला आजही सहन होत नाही, आणि ते म्हणतो माझा सख्खा थोरला भाऊ.

अभ्यास कमी पडला नव्हता. इतिहास या वैकल्पिक विषयाच्या चार जाड वह्या मी हाताने लिहून काढल्या होत्या. २०१२ पासून मुख्य परीक्षेतून वैकल्पिक विषय गेले, सामान्य अध्ययनाचे पेपर बहुपर्यायी झाले आणि त्या वह्या रद्दीत गेल्या. पुढच्याच वर्षी पूर्व परीक्षेत सीसॅट, म्हणजे आकलन आणि बुद्धिमापनाचा पेपर, आला. दोन्ही वेळा मी नव्याने सुरुवात केली. जागा काही शे आणि अर्ज लाखांत असताना मागे राहिलेल्या प्रत्येकाला आळशी ठरवणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१५ च्या मार्चमधली गोष्ट सांगतो. पूर्व परीक्षा तोंडावर आली होती आणि दादा न कळवता पहाटेच्या गाडीने आला. नवी पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेच्या जिन्याखाली तो उभा होता. हातात नायलॉनची पिशवी, तीत आईने फडक्यात बांधून दिलेली धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि महिन्याचे चार हजार रुपये, जे तो एरवी बँकेतून पाठवत असे. मी खाली आलो, उभ्याउभ्याच पंधरा मिनिटे बोललो, त्यातही दोनदा घड्याळ पाहिले आणि 'दुपारी सराव चाचणी आहे' असे सांगून वर गेलो. तो लगेच परतला असेल, असे मी धरून चाललो. त्याची परतीची गाडी रात्रीची होती आणि तोवरचा सगळा दिवस त्याने सारसबागेत बसून काढला, हे मला तीन वर्षांनी वहिनीने सांगितले. त्याने स्वतः कधीही त्याचा उच्चार केला नाही.

तुमच्या प्रश्नाबद्दल एवढेच सांगतो की किती प्रयत्न द्यायचे हे शासनाच्या वयोमर्यादेवर सोडू नका. २०१६ मध्ये खुल्या प्रवर्गाची मर्यादा तेहेतीसवरून अडतीस झाली तेव्हा आमच्या अभ्यासिकेत पेढे वाटले गेले, पण माझ्यासारख्यांचे त्यात नुकसानच झाले, कारण घरी परतण्याचा दिवस पुढे ढकलायला आम्हाला कारण मिळाले. नोकरी सांभाळून परीक्षा देणाऱ्यांना मात्र त्या निर्णयाचा खरा उपयोग झाला, हेही मान्य केले पाहिजे. तुम्हाला घरून पैसे कोण पाठवते हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

मी आता एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात ऊसनोंदीचे काम करतो आणि सातबारा, फेरफार, पाणीपट्टी अशा कामांसाठी गावातली माणसे माझ्याकडे येतात. तो अभ्यास तिथे रोज उपयोगी पडतो. मागच्या दिवाळीत दादाने पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा मी त्याला म्हणालो, की सख्ख्या भावाला जिन्याखालून परत पाठवण्याइतका अभ्यास मी केला, तो तू डोळ्यांनी पाहिलास, मग कमी पडला असे कसे म्हणतोस? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग मला वर तरी बोलवायचं होतंस. बसलो असतो एका कोपऱ्यात." यावर मला काही बोलता आले नाही.